मूल हवंय आणि कारखान्यालाही जायचंय

लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली, दिवस राहत नाहीत, घरात कुजबुज सुरू झालीय आणि दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघणार. अशा वेळी आधी कुठं जायचं, काय तपासायचं, किती पैसे घालायचे, हे विचारणारे फोन मला निवृत्तीनंतरही येतात. मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका होते, पुढं आरोग्य सहायिका झाले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सगळी नोकरी गेली. निम्मं गाव सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या फडात आणि सहा महिने घरी, असा तो भाग. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथं सलग लिहून ठेवतेय. ऊसतोडीला न जाणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

दोन गोष्टींवर मी अडून बसते. तपासणी दोघांची झाली पाहिजे, आणि झालेल्या तपासणीचा कागद तुमच्या पिशवीत राहिला पाहिजे.

किती थांबायचं

कुठलंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणीला जायचं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच जायचं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येतच नसेल, आधी टीबी झालेला असेल, गर्भपातानंतर ताप येऊन ओटीपोट दुखत राहिलं असेल, किंवा नवऱ्याच्या अंडाची लहानपणी शस्त्रक्रिया झाली असेल, तर वर्षाची वाटही बघू नका.

हे वर्ष मोजताना ऊसतोडीचे महिने जरा वेगळे धरा. पहाटे तीनला उठायचं, दिवसभर तोडायचं, रात्री गाडी भरायची, आणि झोपायला ताडपत्रीची कोपी, शेजारी दीर-जाऊ नाहीतर सासू-सासरे. तिथं नवरा-बायकोला जवळ यायला ना ताकद उरते ना आडोसा. अशा जोडप्याला मी आधी तेवढंच विचारायचे, की एकत्र किती राहता? बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळायचं.

दिवस धरायचे कसे तेही सांगते. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. बीज एक दिवस टिकतं, पुरुषाचे शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणून पाळीच्या आठव्या-नवव्या दिवसापासून अठराव्या दिवसापर्यंत एक-दोन दिवसांआड संबंध आले तरी पुरे. पाळी लांबट असेल तर पुढची पाळी ज्या दिवशी यायची त्याच्या चौदा दिवस मागं मोजा. संबंधानंतर पाय वर करून झोपणं, उपास धरणं, अंगारे-धुपारे यानं काही फरक पडत नाही. मूल हवं असं ठरलं की त्याच दिवसापासून फॉलिक ॲसिडची गोळी मात्र सुरू करा, रोज एक. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच पडत असतो, तेव्हा ती गोळी अंगात हवी.

आणि मे ते सप्टेंबर हे तुमचे महिने. हातात थोडा पैसा असतो, दोघं गावात असता, पाळीच्या ठरावीक दिवशी दवाखाना गाठता येतो. सगळ्या तपासण्या या काळात बसवा. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घ्यायच्या आधी तुमच्या हातात रिपोर्ट असले पाहिजेत.

पहिली तपासणी नवऱ्याची

वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त, सुईसुद्धा टोचायला लागत नाही, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडं काही ना काही कारण सापडतं. तरी बायकोच्या दोन-दोन सोनोग्राफ्या, दुर्बीण, देवऋषी सगळं होऊन जातं आणि नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. सासूबाई अडल्या की मी म्हणायचे, "मावशी, पेरलेलं उगवलं नाही तर आपण आधी बियाणं बघतो, मग रानाला नावं ठेवतो." बहुतेक वेळा सासूबाईच मग लेकाला उठवायच्या.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. दोनपेक्षा कमी झाले तर संख्या कमी दिसते, सातापेक्षा जास्त झाले तर हालचाल मंद दिसते. डबी लॅबचीच घ्यायची, घरची औषधाची बाटली चालत नाही. नेहमीच्या निरोधात नमुना गोळा करायचा नाही, त्यातल्या चिकट द्रवानं शुक्राणू मरतात. तेल, थुंकी, साबण काही लावायचं नाही. नमुना लॅबमध्येच दिला तर उत्तम. तिथं लाज वाटत असेल तर जवळ नातेवाइकाकडं नाहीतर लॉजवर देऊन डबी तासाच्या आत पोचवायची. आणताना डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून धरायची. मोटारसायकलच्या डिकीत नको, थंड पाण्याच्या बाटलीजवळ नको. पहिला थेंब डबीबाहेर सांडला तर तसं सांगायचं, कारण सगळ्यांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. हे न सांगितल्यामुळं चांगल्या माणसाचा रिपोर्ट खराब येऊ शकतो.

रिपोर्ट हातात आला की तीन ओळी बघा. वीर्य किती, तर साधारण दीड मिलीच्या आसपास किंवा जास्त. संख्या किती, तर एका मिलीत १ कोटी ६० लाखांच्या वर. हालचाल किती, तर शंभरात बेचाळीस किंवा अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेल्या या खालच्या मर्यादा आहेत. आकडा याच्या खाली आला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि एका रिपोर्टावर निकालही लावायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मागच्या दोन महिन्यांत मोठा ताप, टायफॉइड, डेंगी झाला असेल तर त्याचा परिणाम आज दिसतो. म्हणून खराब रिपोर्ट तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. तोवर तंबाखू, गुटखा, दारू बंद. व्यायामशाळेत ताकदीसाठी कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती आधी बंद, त्यानं शुक्राणू तयार होणंच थांबतं. अंडाच्या पिशवीत शिरा फुगलेल्या हाताला लागत असतील तर सर्जनला दाखवा.

शुक्राणू अजिबात दिसले नाहीत तरी मार्ग संपत नाही. कधी ते तयार होत असतात पण वाट बंद असते. त्याच्या पुढच्या तपासण्या मेडिकल कॉलेजला होतात.

बाईच्या तपासण्या पाळीच्या दिवसांवर बसवा

सगळ्यात जास्त फेऱ्या वाया जातात त्या इथं. पंधराव्या दिवशी एसटीनं तीन तास जाऊन बाई पोचते आणि डॉक्टर म्हणतात, पाळीच्या दुसऱ्या दिवशी या. म्हणून निघायच्या आधीच पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा, मागच्या तीन महिन्यांचा लिहा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि एलएच, म्हणजे बीजकोशाला चालना देणाऱ्या हार्मोनची, रक्ततपासणी होते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन कोणत्याही दिवशी चालतं, म्हणून तेही त्याच फेरीत करून घ्यायचं. बीजांचा साठा सांगणारं एएमएचही कधीही होतं, पण ते महाग असतं आणि प्रत्येकीला लागतंच असं नाही. डॉक्टरांना विचारा, या रिपोर्टानं उपचार बदलणार आहे का? पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन बघितलं की बीज सुटलं का ते कळतं. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर तो एकविसावा दिवस.

नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी म्हणजे गर्भपिशवीत औषध सोडून काढलेला एक्स-रे. तो रक्तस्राव थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात. पेटके येतात, पाळीत येतात त्याहून जोरात येतात, पण थोड्या वेळानं उतरतात. तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची, ती कोणती ते विचारून ठेवायचं. सोबत बाई न्यायची आणि त्या दिवशी कामाला जायचं नाही. नळ्या बंद निघाल्या तर आपल्याकडं टीबीचा विचार करावाच लागतो. गर्भपिशवीचा टीबी खोकत नाही, तापत नाही, गुपचूप नळ्या बुजवतो. त्याचं औषध सरकारात फुकट आहे. औषधानं टीबी जातो, पण बुजलेली नळी दर वेळी उघडतेच असं नाही, म्हणून हे लवकर कळलेलं बरं.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, पाळीत जास्त जातं, म्हणून कुणी "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं म्हणालं तर तिथून उठा. आमच्या जिल्ह्यात हे किती झालंय ते सगळ्या राज्यानं पाहिलं. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा पडू नये, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडून वर दंड भरायला लागू नये, म्हणूनही काहीजणी तयार झाल्या होत्या. पांढरं जाणं, जंतुसंसर्ग, पाळीतला जास्त स्राव याला गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत. पिशवी गेली की मुलाचा प्रश्न कायमचा मिटतो, आणि बीजकोशही काढले असतील तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सहीच करू नका.

उपचार पायरीपायरीनं

बीज वेळेवर सुटत नाही एवढंच कारण असेल तर लेट्रोझोलच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींना दिवस राहतात. वजन जास्त असलेल्या, पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा त्रास असलेल्या बाईचं वजन शंभरामागं पाच किलो उतरलं तरी पाळी सुधारते. नळ्या मोकळ्या असतील आणि नवऱ्याचा रिपोर्ट थोडासाच कमी असेल तर आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य पिशवीत सोडणं. त्यात दर खेपेला शंभरातल्या दहा-पंधरा जणींनाच यश येतं, तेव्हा एकदा झालं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. पण तीन-चार-सहा खेपा होऊनही काही नाही, तर तेच तेच करत राहू नका.

नळ्या दोन्ही बंद, शुक्राणू अगदी कमी, किंवा वय पुढं गेलेलं, तर आयव्हीएफचा, म्हणजे बीज बाहेर काढून लॅबमध्ये वीर्याशी मिळवून झालेला गर्भ पिशवीत सोडण्याचा, विषय निघतो. एका खेपेचा खर्च लाख-दीड लाखापासून पुढं जातो, आणि पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका खेपेत साधारण तिघींत एकीला यश येतं. चाळिशीनंतर ते फार उतरतं. आयुष्मान कार्डावर हे बसत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मुकादमाची उचल घेऊन आयव्हीएफ करू नका. खेप फसली तरी उचल फिटत नाही, आणि ती फेडायला त्याच बाईला हार्मोनच्या इंजेक्शनांनंतर लगेच मोळ्या वाहायला लागतात. आधी सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. आमच्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. निदानापर्यंतचं बरंचसं काम तिथं जवळपास फुकटात होतं. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजनं २०२३ साली आयव्हीएफ मोफत सुरू केलं. वैज्ञानिक नोंद असलेलं देशातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, हर्षा चावडा, ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यातच, जन्मलं. तेव्हा हे उपचार जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मिळाले पाहिजेत ही मागणी काही जगावेगळी नाही, ती आपण लावून धरली पाहिजे.

खासगीत जायचंच ठरलं तर २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे असे उपचार करणाऱ्या केंद्रांसाठीचा कायदा, तुमच्या बाजूनं आहे. केंद्राची नोंदणी झालेली असली पाहिजे आणि तो दाखला भिंतीवर लावलेला असला पाहिजे. नुसतं आययूआय करणारं केंद्र पहिल्या पातळीचं, आयव्हीएफ करणारं दुसऱ्या पातळीचं. बाईचं वय एकवीस ते पन्नास, पुरुषाचं एकवीस ते पंचावन्न. दोघांची लेखी संमती लागते, आणि संमतीचा कागद तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून सांगणं त्यांचं काम आहे. सही करायच्या आधी विचारा: पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरली आहेत का? भूल, लॅब, गर्भ गोठवणं धरलंय का? बीजं किती निघाली, गर्भ किती झाले, किती आत सोडले, किती गोठवले, हे लिहून देणार का? बीज कुणाचं आणि वीर्य कुणाचं वापरणार? दुसऱ्याचं वापरायचं असेल तर त्याची वेगळी संमती हवी. कुणी "मुलगाच देतो" म्हणालं तर तो गुन्हा आहे, त्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडं तक्रार करा.

बीजं काढल्यावर आठवडाभरात पोट टम्म फुगलं, लघवी कमी झाली, दम लागायला लागला तर त्याच दिवशी केंद्रावर जा, रात्र काढू नका.

दिवस राहिले की

पाळी चुकली की आशाताईकडं "निश्चय" किट फुकट मिळतं. चाचणीत दिवस राहिल्याचं दिसलं की बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नाव नोंदवा. उपचार खासगीत झाला असला तरी नोंदवाच. महागडे उपचार घेतलेल्या बायका सरकारी नोंदणीला येतच नाहीत, असं मी नेहमी बघितलं. मग लोहाच्या गोळ्या नाहीत, पैसे नाहीत, आणि कारखान्याच्या गावी विचारणारं कुणी नाही. आयव्हीएफनं राहिलेल्या बाईनं गर्भ कोणत्या तारखेला सोडला तो कागद आणावा, तारीख त्यावरून अचूक निघते.

नळ्यांचा त्रास होता किंवा उपचारानं दिवस राहिलेत, तर सहाव्या-सातव्या आठवड्यात एक सोनोग्राफी लागते, गर्भ पिशवीतच आहे ना ते बघायला. तो नळीत असेल तर एका बाजूला कळ, थोडं रक्त, चक्कर, खांदा दुखणं ही लक्षणं. यात जीव जाऊ शकतो. "भरलं असेल काहीतरी" म्हणून हळद-दूध देत बसू नका.

माता बाल संरक्षण कार्ड मिळालं की ते वाचायला शिका. मी बायकांना कार्ड उघडून बोट ठेवून दाखवायचे. हा हिमोग्लोबिनचा रकाना, अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी, सातच्या खाली म्हणजे दवाखान्यात भरतीच. हा बीपीचा, वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की त्याच दिवशी डॉक्टर. हा लघवीतल्या प्रथिनांचा, हा वजनाचा. प्रत्येक भेटीला बीपी तोच तो ११०/७० लिहिलेला दिसला तर दंडाला पट्टा बांधला होता का ते तुम्हालाच ठाऊक असतं. बांधला नसेल तर म्हणा, "ताई, मोजून लिहा." ही तुमची हक्काची तपासणी आहे, त्यात उद्धटपणा नाही.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. ती चहाबरोबर नको आणि कॅल्शियमबरोबरही नको, दोन्हींत लोह अंगी लागत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. मिसरी लावायची सवय असेल तर ती आता सोडायची, तिच्यातल्या तंबाखूनं बाळ वजनाला कमी भरतं. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं महिन्याच्या अंतरानं. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त घेतात, तोवर उठून जायचं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन कधी आणि कुठं मिळणार हे आधीच ठरवा.

खाण्याबद्दल सगळे सांगतात, मी थोडंच सांगते. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याची चटणी, जे घरात आहे ते एक घास जास्त. पपई-अंड्याच्या भीतीनं उपाशी राहू नका.

कारखान्यावर जावंच लागलं तर

आदर्श म्हणजे जाऊच नये. पण मी गावात राहिले, आदर्शावर घर चालत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून उचल घेण्याआधी मुकादमाशी बोलून घ्या की बायको गरोदर आहे, अमुक महिन्यापर्यंतच तोडणी करेल, त्यानंतर अर्धा कोयता, म्हणजे एकट्या नवऱ्याचं काम, धरायचा किंवा तिच्या जागी दुसरं माणूस येईल. हे वहीत लिहून घ्या आणि फोनमध्ये त्या पानाचा फोटो काढा. पाचवा महिना लागल्यापासून डोक्यावर मोळी घेऊन शिडीनं गाडीत चढायचं नाही. बांधायचं, पाचट सारायचं काम करा. सातवा संपला की परत फिरायचं, माहेरी किंवा घरी.

निघताना हिमोग्लोबिन, लघवी, बीपी करून घ्या. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागा. प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, आधार, बँकेचं पासबुक ठेवा. ती पिशवी कोपीत वर बांधायची, जमिनीवर ठेवली की ओल लागते. सगळ्या कागदांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही असू द्या, कारण कोपी पेटते, पाऊस येतो, सामान हलतं.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात दोन माणसं शोधा. एक तिथली आशाताई, दुसरा कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता. कार्डावरचा आरसीएच नंबर, म्हणजे तुमच्या गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, कुठंही चालतो, "तुम्ही आमच्या गावच्या नाही" असं म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून तपासणी असते, २०१६ पासून. फडात वार-तारखेचं भान राहत नाही, म्हणून फोनमध्ये ९ तारखेचा गजर लावा आणि त्या दिवसाचा खाडा आधीच धरून ठेवा.

संडासाची सोय नसते म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि त्यातून दिवस भरायच्या आधी कळा सुरू होतात. पाणी प्या. टोळीतल्या दोघी-तिघींनी मिळून आडोसा धरा, पण पाणी प्या.

डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंड-हात सुजणं, बरगडीखाली दुखणं, रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, झटका. यातलं एकही झालं की १०८ ला फोन करायचा. मुकादमाची परवानगी विचारायची नाही.

बाळंतपण कुठं

पहिलटकरीण, सगळं ठीक, तर चोवीस तास चालणारं प्राथमिक आरोग्य केंद्र चांगलं. बीपी, जुळं, आधीचं सिझर, रक्त कमी, बाळ आडवं, तर सिझर आणि रक्ताची सोय असलेलं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. हे आठव्या महिन्यात ठरवा, कळा सुरू झाल्यावर नाही. १०८ आणि १०२ फुकट आहेत, तरी गावातल्या एका जीपवाल्याचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा.

उपचारानं झालेलं बाळ म्हटलं की "एवढ्या कष्टानं राहिलंय, धोका कशाला, सिझर करू" असं ऐकायला मिळतं. उपचारानं दिवस राहणं हे एकटंच सिझरचं कारण नाही. विचारा, "बाळाला काय धोका दिसतोय? मला काय धोका आहे? थांबलो तर काय होईल?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यात शंभरात चौदा सिझर झाले, खासगीत सत्तेचाळीस. कारण नीट सांगितलं आणि पटलं तर मात्र वेळ घालवू नका, सिझरनं जीव वाचतातही.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, जाणं-येणं सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. पात्र बाईला जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदनेचे पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. ई-श्रम कार्ड असलेल्या बायका त्यात बसतात, ऊसतोड मजुरांनी ते काढून ठेवावं. खातं बाईच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, म्हणून हे काम गरोदरपणातच उरका.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात छातीला लावायचं. पिवळा चीक पिळून टाकायचा नाही, मध-साखरपाणी द्यायचं नाही. दवाखान्यात निदान अठ्ठेचाळीस तास थांबा, सासरी पूजा असली तरी थांबा. घरी आल्यावर तासाभरात पॅड भिजून चिंब होत असेल, घाण वास येत असेल, थंडी वाजून ताप येत असेल तर परत दवाखाना. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तिला बाळ उघडं करून वजन करू द्या, दृष्ट लागेल म्हणून झाकून ठेवू नका.

सहाव्या आठवड्याला स्वतःची तपासणी करून घ्या आणि साधनाचं बोला. "आम्हाला उपचारानं झालं, आता आपोआप कशाला राहील" असं म्हणून गाफील राहिलेल्या बायका वर्षाच्या आत पुन्हा गरोदर होऊन आलेल्या मी पाहिल्यात. तांबी बसवता येते, अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घेता येतं, दोन्ही सरकारात मोफत. बाळाला जन्मताच बीसीजी, पोलिओचा थेंब आणि चोवीस तासांच्या आत काविळीची लस, पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. तोवर टोळी निघायची वेळ आली तर बाळाचं कार्ड त्याच चेनच्या पिशवीत टाका आणि राहिलेला डोस कारखान्याजवळच्या केंद्रात घ्या.